व्यसनाधीन रुग्णाचे मूल्यमापन आणि समुपदेशनाचा आराखडा कसा करावा?

प्रश्न: मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असून कोकणातील एका व्यसनमुक्ती केंद्रात क्षेत्रकार्य करतो. पहिल्याच भेटीत अर्ज भरून त्याच दिवशी उपचाराचा आराखडा फाईलला लावावा लागतो. मूल्यमापनावरून आराखडा कसा लिहावा? एखादा नमुना मिळेल का?

उत्तर:

पहिल्या दिवशी लिहिलेला आराखडा रुग्णासाठी नसतो, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी असतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मी बरीच वर्षे हेच काम केले आहे आणि ‘तीस दिवस निवासी उपचार, दररोज गटचर्चा, आठवड्यातून एकदा कुटुंबभेट’ एवढ्या एका वाक्यावर चाललेल्या असंख्य फायली पाहिल्या आहेत, ज्यांत नाव आणि वय सोडले तर काहीही बदलत नाही. तेव्हा नमुना मी देणार नाही.

ऑडिट (दारू पिण्याचे प्रमाण आणि धोका गुणांनी मोजणारी प्रश्नावली) आणि डीएसएम-5 या मनोविकार निदानाच्या पुस्तिकेतील व्यसनाचे अकरा निकष तुम्हाला शिकवलेले आहेत असे मी धरून चालते. मात्र ऑडिटचा दुसरा प्रश्न, म्हणजे पिण्याच्या दिवशी किती पेये घेता हा, आपल्याकडे हमखास चुकीचा भरला जातो, तो सांभाळा. रुग्ण ‘एक क्वार्टर’ म्हणतो आणि विद्यार्थी एक पेय समजून शून्य गुण देतो. 42.8 टक्क्यांच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे दहा ग्रॅमला एक या मापाने ती सहा पेये झाली आणि गुण दोन द्यायला हवेत. काजूच्या हंगामात हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) पिणाऱ्याला तर पेयांची संख्या विचारूच नये. पेला कोणता आणि तो कितीदा भरला, हे विचारावे.

आता मूळ मुद्दा, जो मला एका तांडेलामुळे (मासेमारी बोटीच्या प्रमुखामुळे) कायमचा पटला. (ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील बदलले आहेत.) मे महिन्यात त्याची बायको त्याला घेऊन आली. अर्जात सर्व उत्तरे तिनेच दिली होती: पिणे रोजचे, मारहाण नाही, फिट नाही, इच्छाशक्ती कमी. तांडेल मान खाली घालून बसला होता आणि विचारले की एवढेच म्हणे, “दर्यात मी एक थेंब घेत नाय.” आमच्या वरिष्ठांनी फाईलवर ‘नकारावस्था’ (व्यसन आहे हेच रुग्ण मानत नाही) असा शेरा मारला आणि आराखडा लगेच जोडायला सांगितला. मी तो जोडला नाही. पुढच्या आढावा बैठकीत शिकाऊ मुलांसमोर मला विचारण्यात आले की समुपदेशक म्हणून मी नेमके काय करते. त्याचे उत्तर मी आज देते आहे असे समजा.

तांडेलाचे वाक्य खरे होते. बोट चार-पाच दिवस बाहेर असे आणि त्या दिवसांत तो खरोखरच पीत नसे. मी बंदरावर गेले तेव्हा लिलाव संपून मासळीच्या क्रेट धुतल्या जात होत्या, आणि जाळे शिवत बसलेल्या त्याच्या पुतण्याने मान वर न करता सांगितले की पहिल्या दिवशी काकाचे हात इतके थरथरतात की सुकाणू पुतण्यालाच धरावे लागते, आणि गेल्या हंगामात काकाला बोटीवर एकदा फिटही आली होती. घरी कोणी बोलले नव्हते, कारण ही गोष्ट मालकाच्या कानावर गेली असती तर बोट हातची गेली असती.

या एका माहितीने सगळे मूल्यमापन उलटले. दारू अचानक थांबली की सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते, फिट येण्याचा धोका पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत अधिक असतो आणि भ्रमाची अवस्था साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. हा सगळा काळ तो किनाऱ्यापासून लांब, डॉक्टर आणि औषधाविना काढत होता. ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नसतो तिथे तीस दिवस ठेवणे हाही त्याच्यासाठी धोकाच होता. मी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले, उरलेल्या खेपा पुतण्याकडे गेल्या आणि तांडेल रुग्णालयात दाखल झाला, जिथे थायमिनसह (ब-1 जीवनसत्त्वासह) औषधे देऊन त्याची दारू देखरेखीखाली सोडवण्यात आली.

मग पिण्याचे कारण काय, हा प्रश्न उरला. बायकोच्या मते संगत. त्याने स्वतः सांगितलेले कारण कोणत्याही अर्जात बसणारे नव्हते. डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करून हिशेब झाला की त्या संध्याकाळी खलाशांना पाजणे ही तांडेलाची जबाबदारी मानली जाते. “मी बाटली नाय काढली, तर उद्या माका खलाशी खंयसून गावतले?” असे त्याने मला विचारले. कुशल खलाशी मिळणे इतके अवघड झाले आहे की अनेक बोटींवर नेपाळहून आलेली माणसे काम करतात; त्यामुळे त्याची भीती निराधार नव्हती. अशा माणसाला ‘मित्रांना नकार द्यायला शिका’ हे सांगणे म्हणजे त्याच्या धंद्याचे काहीही न कळल्याची कबुली देणे होय.

म्हणून आमचा आराखडा हिशेबाच्या संध्याकाळभोवती बेतला गेला. पैसे पुतण्याने वाटायचे, खलाशांना दारूऐवजी मटणाचे जेवण द्यायचे आणि त्या वेळी तांडेलाने माझ्याकडे किंवा आपल्या भावाकडे असायचे. जेवणाची कल्पना त्याची स्वतःची होती, आणि म्हणूनच ती टिकली. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदीची मुदत आम्ही बैठकांसाठी वापरली, कारण एरवी ज्या काळात हाताला काम नसल्याने पिणे वाढते तोच काळ समुपदेशकाला सलग मिळतो. शिमगा, गणपतीत मुंबईहून येणारे पाहुणे, गोव्याकडे जाणारी खेप, अशा प्रत्येक प्रसंगापुढे कोण, कुठे आणि काय करणार हे त्याच्याच शब्दांत लिहिले. घसरण झाल्यास चोवीस तासांत कोणाला कळवायचे, हेही त्यात होते.

गटारीला तो प्यालाच. वरिष्ठांनी ‘पाहिलेत?’ असे म्हटले. मला मात्र त्यात पाहण्यासारखे एवढेच वाटले की दुसऱ्या दिवशी तो कोणी न आणता, लिहून ठेवल्याप्रमाणे, स्वतः आला. डॉक्टरांनी तपासले, आराखड्यात त्या एका प्रसंगाची भर पडली आणि बंदी उठल्यावर बोट सुटली तेव्हा तो दारूविना होता.

‘नकारावस्था’ हा शेरा बहुतेक वेळा मुलाखत घेणाऱ्याच्या घाईची नोंद असतो, हे माझे मत आजही कायम आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये प्रेरणात्मक मुलाखतीची मांडणी केली, तिचा गाभाच हा आहे की समोरच्याला कोंडीत पकडले की तो पिण्याची बाजू मांडू लागतो. वरिष्ठांना हे ठाऊक नव्हते असे नाही. प्रशिक्षणात ते हेच शिकवीत.

काही सावधगिऱ्या आधीच सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. फिटचा इतिहास, कावीळ, आत्महत्येचे विचार किंवा गोंधळलेले बोलणे आढळले तर समुपदेशन बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. निवासी उपचाराला माझा सरसकट विरोध नाही. घर आणि गुत्ता एकाच भिंतीला असलेल्या माणसाला त्याचाच आधार होतो. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठकांत चांगला परिणाम साधल्याचा अभ्यास 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, पण तो घातक प्रमाणात पिणाऱ्यांवर होता. ऑडिटमध्ये वीस किंवा अधिक गुण मिळालेल्यांना तो जसाच्या तसा लावू नये. घरच्यांनी डायसल्फिरामची (दारू घेतल्यास त्रास व्हावा म्हणून देतात ती) गोळी चहातून गुपचूप देण्याचा विषय काढला तर ठामपणे थांबवा; त्यावर दारू घेतल्यास रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते, आणि संमतीशिवाय ते देणे ही फसवणूक आहे. मध्यरात्री कोणी हाताशी नसेल तर कुटुंबाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक देऊन ठेवा.

तुमच्या केंद्रात पहिल्या दिवशी आराखडा मागितलाच, तर त्यावर ‘तात्पुरता’ असे लिहून तारीख घाला, रुग्णाची सही घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर बदललेली प्रत त्याच फाईलला लावा. कोणी आक्षेप घेतल्यास तो लेखी मागा. मी तो त्या वेळी लेखी मागितला होता, मिळाला नाही.