फी कमी करायची, पण कुणाची?

या वेळी आलेल्या पत्रांत फीबद्दलचे प्रश्न इतके होते की बाकीचे बाजूला ठेवून तेवढेच घेतो आहे. कोण किती फी घेतो हे कोर्टातल्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, सगळ्यांना साधारण ठाऊक असतं, पण कुणी कुणाला किती सोडली यावर कुणी बोलत नाही. एक निरीक्षण आधीच सांगून टाकतो, कारण खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी तेच आहे. आपल्याकडे फीत सवलत मिळते ती घासाघीस करणाऱ्याला. ज्याला खरोखर परवडत नाही तो आकडा ऐकतो, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि परत येत नाही.

तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं वकिली करतोय. फी कमी करा असं जवळपास प्रत्येक पक्षकार म्हणतो. खरी अडचण कुणाची हे ओळखायचं कसं? उत्पन्नाचा दाखला मागावा का?
– एक वकील, लातूर जिल्हा

दाखला मागू नका. दारात ट्रॅक्टर उभा असलेल्याकडेही पन्नास हजारांच्या आतला दाखला सापडतो, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला तोच दाखला काढायला मजुरी बुडवून तहसीलच्या चकरा माराव्या लागतात. मोफत विधी सेवेसाठीसुद्धा, म्हणजे सरकारी खर्चाने वकील मिळण्यासाठीसुद्धा, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १३व्या कलमात उत्पन्नाबद्दलचं शपथपत्र पुरेसं धरता येतं, त्यावर अविश्वास ठेवायला कारण नसेल तर. सरकार जिथे शपथेवर भागवून घेतं तिथे तुम्ही शिक्क्याचा हट्ट कशाला धरायचा?

त्यापेक्षा बोलतं करा. घरात कमावतं कोण, भाडं किंवा कर्जाचा हप्ता किती जातो, कुणाचं औषधपाणी चालू आहे का, आणि या केसचा खर्च करणार कोण? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. माहेरी परत आलेल्या मुलीकडे स्वतःचा रुपया नसतो, पण कधी कधी शेजारच्या खुर्चीत बसलेला भाऊ सगळा खर्च करायच्या तयारीने आलेला असतो. तिथे तुम्ही उगाच हळवे होऊन निम्मी फी सांगता. उलट, सातबाऱ्यावर चार एकर असलेला माणूस कागदावर श्रीमंत दिसतो. पण वाद त्याच जमिनीचा, वर मनाई हुकूम, पेरणी बंद. त्याच्या हातात काय असणार?

आणखी एक. पुष्कळ शेतकऱ्यांना सवलत नको असते, मुदत हवी असते. सोयाबीन विकलं, उसाचं बिल खात्यात आलं, की तो पूर्ण फी देतो आणि ताठ मानेने देतो. दरमहा हप्ता ही पगारदाराची सोय आहे. शेतकऱ्याला हप्ते पाडून द्यायचे तर हंगाम बघून पाडा. मोलकरणीला, रिक्षावाल्याला तारखेगणिक थोडे थोडे देणं सोपं जातं. फी कमी करण्याआधी ती कधी द्यायची हे बदलून बघा. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथेच सुटतो.

कमी म्हणजे नेमकी किती? समोरच्याचा चेहरा बघून मी तोंडाला येईल तो आकडा सांगतो आणि मग वर्षभर कुढत बसतो.
– एक वकील, सातारा

चेहरा बघून आकडा सांगता म्हणूनच कुढता. आधी स्वतःचा हिशोब करा. समजा ऑफिसचं भाडं ९,००० रुपये, कारकुनाचा पगार १२,०००, वीज-इंटरनेट-छपाई मिळून ५,००० आणि ज्युनिअरच्या पेट्रोलपाण्याचे ४,०००. महिन्याला ३०,००० झाले. तुमच्याकडे चालू प्रकरणं ६० असतील तर प्रत्येक फाइल कपाटात नुसती ठेवायला महिन्याला ५०० रुपये लागतात, तुमच्या बुद्धीचे आणि पायपिटीचे पैसे न धरता. दिवाणी दावा तीन वर्षं चालला (तीनच वर्षांत संपला तर पेढे वाटा) की झाले १८,०००. आता ‘गरीब आहे बिचारा’ म्हणून तुम्ही सगळे मिळून ५,००० सांगितलेत, तर ती कमी फी झाली नाही. वरचे १३,००० तुम्ही खिशातून घातलेत. घालायचे असतील तर जरूर घाला, पण माहीत असून घाला.

हा आकडा हाती आला की तीन पायऱ्या ठरवून डायरीत लिहून ठेवा. पहिली पूर्ण फी. दुसरी कमी फी, जी फाइलच्या खर्चाच्या खाली जाणार नाही. तिसरी फी शून्य, म्हणजे पक्षकाराने फक्त बाहेरचा खर्च द्यायचा: टायपिंग, नोटरी, नकला, समन्सचा खर्च. मधल्या जागा ठेवू नका, कारण मधल्या जागेतच घासाघीस शिरते. तिसऱ्या पायरीवर एका वेळी किती प्रकरणं ठेवायची याचाही आकडा हवा. तो भरला असेल तर पक्षकाराला तसं सरळ सांगा आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. बार कौन्सिल ही वकिलांवर देखरेख करणारी संस्था, तिच्या नियमांतला ४६वा नियम गरजूंना मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य मानतो, पण वकिलाच्या आर्थिक स्थितीच्या मर्यादेत. ती मर्यादा नियमातच आहे, मी पदरची घातलेली नाही.

फी आणि खर्च हे दोन आकडे कायम वेगळे सांगा. एकत्र सांगितलेत की सवलतीचा पक्षकार नकलेच्या शंभर रुपयांसाठीही ‘तुम्ही तर सगळं मिळून म्हणाला होता’ म्हणतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

अपघाताच्या दाव्यात विधवेकडे आगाऊ द्यायला काही नाही. ‘भरपाई मिळाली की २० टक्के घ्या’ असं तिचे दीरच म्हणतात. आमच्याकडे सगळे असंच करतात. यात तिचीच सोय नाही का?
– एक वकील, सोलापूर

सगळे करतात हे खरं आणि नियमाविरुद्ध आहे हेही खरं. दाव्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये, मिळालेल्या रकमेत वाटा घेऊ नये, असं बार कौन्सिलचा २०वा नियम स्पष्ट म्हणतो. तक्रार झाली तर ‘सगळे करतात’ हा बचाव शिस्तपालन समितीपुढे चालत नाही.

सोय कुणाची, हेही आकड्याने बघा. भरपाई १५ लाख मंजूर झाली तर २० टक्के म्हणजे ३ लाख. तुम्ही आज ठोक फी सांगितली असती तर ३ लाख सांगायची हिंमत झाली असती का? बाई आज अडलेली आहे म्हणून उद्याच्या तिच्या मुलांच्या पैशातून आपण पूर्ण फीच्या कितीतरी पट घेतो आणि त्याला सवलत म्हणतो. मला हे पटत नाही.

करता येतं ते असं. ठरावीक फी आकड्यात लिहा, ती उशिरा घ्यायची कबुली द्या, पण निकाल काहीही लागो, रक्कम तीच राहील हे त्यात स्पष्ट ठेवा. आणि हे दिरांशी नको, तिच्याशी बोला. ती महिला आहे, म्हणजे मोफत विधी सेवेला पात्र आहे, हेही त्याच बैठकीत सांगा.

नवऱ्याने घराबाहेर काढलंय. शिवणकाम करून दोघी मायलेकी राहतो. पोटगीसाठी वकिलांकडे गेले, त्यांनी ४०,००० सांगितले. कमी करा म्हणायची लाज वाटली. कमी पैशांत केस घेतली तर ते मन लावून काम करतील का?
– एक वाचक, सांगली

ताई, तुमच्यासारख्यांसाठीच खरं तर आजचं हे सगळं लिहितो आहे.

पहिली गोष्ट, तुम्हाला वकील मोफत मिळू शकतो. महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न न बघता ही सेवा मिळते. वर्षाला ३ लाखांची मर्यादा महाराष्ट्रात आहे ती बाकीच्यांसाठी, तुमच्यासाठी नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. साधा अर्ज लिहून द्यायचा. लिहिता येत नसेल तर तिथली माणसं लिहून देतात. जायच्या आधी विचारायचं असेल तर १५१०० या नंबरवर फोन करा. तिथून मिळालेल्या वकिलाने तुमच्याकडून फी म्हणून एक रुपयाही घ्यायचा नाही. मागितलाच तर त्याच ऑफिसात सचिवांना लेखी कळवा. सचिव न्यायाधीश असतात.

दुसरी गोष्ट कोर्ट फीची. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४च्या अधिसूचनेने महिलांना कोर्ट फी माफ केली आहे. कुणी ‘स्टॅम्पचे इतके द्या’ म्हणालं तर कशाचे, ते विचारा. तिसरी गोष्ट अनेक वकीलही सांगायचे विसरतात. पोटगीच्या अर्जात अंतरिम पोटगीबरोबर केसचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं पोटगीचं १२५ कलम आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे, त्यात ही तरतूद आहे. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या २४व्या कलमाखालीही मागता येतो. अर्जात ही मागणी घातली आहे ना, हे सही करण्याआधी वाचून घ्या.

आणि त्याच वकिलांवर विश्वास बसला असेल तर लाज सोडून एवढंच म्हणा: “साहेब, केस तुमच्याकडेच द्यायची आहे. माझी महिन्याची कमाई अमुक आहे. आज अमुक देऊ शकते, पुढे तारखेला अमुक. यात होईल का?” ‘जरा कमी करा ना’ याला वकील सरावलेले असतात, त्यावर नाही म्हणणं सोपं असतं. असा सगळा हिशोब पुढे ठेवल्यावर नाही म्हणायला कठीण जातं. जे ठरेल ते चिठ्ठीवर का होईना, लिहून घ्या आणि दर वेळी पावती मागा.

मन लावून काम करतील का? प्रामाणिक उत्तर: काही करतात, काही करत नाहीत, आणि पूर्ण फी देणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तारखेला वकील हजर होते का, पुढची तारीख कशासाठी आहे, हे तुम्हाला कळतं का, एवढ्यावरून ओळखा. केसची स्थिती ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर फुकट दिसते. मुलगी शाळेत शिकत असेल तर ती पाच मिनिटांत काढून दाखवेल.

कमी केलेली फीसुद्धा पक्षकार देत नाही. तीन हप्ते थकले. कागद अडवून ठेवावेत का?
– एक वकील, जळगाव

नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगून टाकलं की थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. फी वसूल करायला वेगळे मार्ग आहेत. प्रकरण सोडायचंच असेल तर पुरेसं कारण हवं, वेळेत सूचना हवी आणि काम न केलेल्या भागाची फी परत द्यायला हवी. पुराव्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी वकीलपत्र काढून घेणं ही वसुलीची रीत नाही.

पण त्याआधी एक फोन करा, कारकुनाकडून नव्हे, स्वतः. हप्ते थकण्यामागे बहुतेक वेळा आजारपण किंवा सुटलेलं काम असतं, आणि पैसे नाहीत म्हणून तो तारखेलाही यायचा टाळतो. मग केस त्याच्या गैरहजेरीने बुडते. परिस्थिती खरीच बिघडली असेल तर त्याला तिसऱ्या पायरीवर न्या आणि तसं सांगून मोकळे व्हा.

एकाला फी कमी केली, आता सगळी वाडी त्याच दराने केस घेऊन येते. पाहुणेमंडळी तर देतच नाहीत.
– एक वकील, रत्नागिरी

ऐपत असलेल्याकडून नियमांनुसार ठरणाऱ्या फीपेक्षा कमी घेऊ नये, असाही बार कौन्सिलचा एक नियम आहे, ३८वा. तो फ्रेम करून लावा, पाहुण्यांच्या खुर्चीसमोर. गंमत सोडा, पण ‘त्याला कमी केली ती त्याची अडचण बघून, तुमची अडचण सांगा’ हे वाक्य पाठ करा. बहुतेक जण अडचण सांगत नाहीत, फी देतात. एखादा सांगू लागला तर मात्र खुर्ची पुढे ओढून ऐका.

मी वकील नाही, समुपदेशक आहे. काही जणांना निम्म्या फीत बघते. ‘फुकटाची किंमत राहत नाही’ म्हणून थोडी तरी फी घ्यावीच का?
– एक वाचक, पुणे

माझा प्रांत नाही, तरी हे वाक्य आमच्याकडेही रोज ऐकू येतं. म्हणणारा नेहमी पैसे घेणारा असतो. दहा रुपये घेऊन किंमत वाढते असं मी तरी पाहिलेलं नाही. काहींना थोडं तरी दिल्याने संकोच कमी होतो, त्यांच्याकडून घ्या. ज्यांना बसभाड्याचीच ओढाताण आहे त्यांच्याकडून नको. तुमच्या जागा भरल्या असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर द्या. आणि निम्मी फी किती महिन्यांसाठी, हे पहिल्याच दिवशी बोला. मध्येच ‘आता पूर्ण द्या’ म्हणणं तुमच्या कामात आमच्यापेक्षा जास्त दुखावतं.

सोडलेली फी देणगी म्हणून आयकरात दाखवता येते का?
– एक वकील, ठाणे

नाही. न घेतलेली फी उत्पन्नातच येत नाही, तिची वेगळी वजावट मिळत नाही. देणगीची सवलत मान्यताप्राप्त संस्थेला प्रत्यक्ष दिलेल्या पैशांना आहे, वेळेला नाही. त्या पक्षकारासाठी तुम्ही पदरचा खर्च केला असेल तर पावत्या ठेवा आणि तुमच्या सीएंना विचारा. घेतलेली फी कितीही थोडी असो, पावती फाडा, आकडा खरा लिहा.