नवऱ्याची दारू सुटत नाही. राहू की माहेरी जाऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्यानं दोनदा सोडली, दोनदा पुन्हा लागली. सासूबाई म्हणतात चहातून गोळी दे, आई म्हणते मुलीला घेऊन ये.

आधी ती गोळी. डॉक्टर दारू सोडवायला डायसल्फिराम नावाची गोळी देतात ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं. गोळी पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. गोळी बंद केल्यावर दोन आठवडे हा धोका राहतो. 'न सांगता दारू सोडवा' म्हणणाऱ्यांच्या पुडीत काय असतं, ते तर कळतही नाही. चहात काही घालू नका.

घरात कोंडून दारू तोडायलाही जाऊ नका. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हातपाय थरथरतात, घामानं अंथरूण भिजतं, भिंतीवर किडे दिसायला लागतात, घरचं माणूस ओळखू येत नाही. असं दिसलं की थेट हॉस्पिटल गाठा. शेवटची कधी घेतली, रोज किती, आधी फिट आली होती का, एवढं सांगा. ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) दिलं का, हे जरूर विचारा. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हॉस्पिटलच्या उपचारातून फक्त शरीर सावरतं. खरं काम पुढे, पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात आणि नंतरच्या फॉलोअपला. तो जावो न जावो, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असलेल्या अल-अनॉन गटाच्या मीटिंगला तुम्ही जा.

मारहाण होत असेल, मुलगी त्याच्या पावलांच्या आवाजानं दचकत असेल, तर उपचारांची वाट बघू नका, निघा. माहेरी गेल्यानं घरावरचा हक्क जात नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, कोर्ट नवऱ्यालाही घराबाहेर राहायला सांगू शकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तातडीला 181 (महिला हेल्पलाइन) किंवा 112 वर फोन करा. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पासबुक, दागिन्यांच्या पावत्या आजच आईकडे ठेवा.

मारहाण नसेल तर माझं मत थोडं वेगळं आहे. पुन्हा प्यायला एवढ्यावरून ठरवू नका. प्यायल्यावर दोन दिवसांत स्वतःहून केंद्रात फोन करतो, की बाटली लपवून तुमच्याशी खोटं बोलतो, ते बघा. तोवर त्याची उधारी फेडू नका, त्याच्या कर्जाला जामीन राहू नका. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चालू असतो.