‘चिकन ऑर व्हेज’च्या पुढचं इंग्लिश

मागच्या अंकात केबिन क्रूच्या, म्हणजे विमानात प्रवाशांची काळजी घेणाऱ्यांच्या, इंटरव्ह्यूबद्दल लिहिलं होतं, उंची, टॅटू, ग्रूमिंग वगैरे, आणि मला वाटलं आता मेकअपचे प्रश्न येणार. आली ती निम्म्याहून जास्त पत्रं इंग्लिशवरची. म्हणून या वेळी फक्त तेच घेऊ. मी स्वतः मराठी मिडियमची, सतरा वर्षं फ्लाइंग केलं, आता जमिनीवर आहे. त्यामुळे जे सांगतेय ते ट्रॉली ढकलता ढकलता शिकलेलं आहे, व्याकरणाच्या चुका काढायला मला बोलावू नका.

प्रश्न, नांदेडच्या एका वाचकाकडून: ताई, मी बारावीपर्यंत मराठी मिडियम. इंग्लिश वाचलेलं कळतं, लिहिता पण येतं, पण बोलायला गेलं की आधी मराठीत वाक्य बनतं मग डोक्यात त्याचं इंग्लिश होतं, तोपर्यंत समोरचा पुढे गेलेला असतो. इथले एक क्लासवाले म्हणतात सहा महिन्यांत फॉरेन ॲक्सेंट बसवून देऊ, फी ऐंशी हजार. बाबा म्हणतात भरू. भरू का?

उत्तर: नको भरूस गं. ॲक्सेंट बसवायला तो काय दात आहे का? ओढूनताणून आणलेला ॲक्सेंट तिसऱ्या वाक्याला गळून पडतो आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना ते लगेच कळतं, ते दिवसभर हेच ऐकत असतात. विमानात तुझ्यासमोर एक जपानी बसलेला असतो, शेजारी केरळचा, मागे रशियन, त्यांचं इंग्लिश पण तुझ्या-माझ्यासारखंच शिकलेलं. त्यांना तुझं बोलणं पहिल्या फटक्यात कळलं पाहिजे, एवढंच.

आता डोक्यातल्या भाषांतराचं. त्याने वेळ जातो हे तू लिहिलंस, पण माझ्या मते त्याहून मोठा घोळ वेगळा आहे, आपण नकळत उद्धट वाटतो. मराठीत आपली अदब क्रियापदात असते, ‘बसा’, ‘बसून घ्या ना’, ‘जरा सरकता का’. इंग्लिशमध्ये तू पण यू आणि तुम्ही पण यू, मग ती अदब भरून काढायची वुड, कुड, मे आणि प्लीजने. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्याच महिन्यात विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून हळूहळू सरकत, असताना एक गृहस्थ उठून वरच्या बिनमधली बॅग काढत होते, मी अगदी हसून, मनात ‘बसा हो काका’ असं म्हणत त्यांना म्हणाले, ‘सर, सिट.’ त्यांनी उतरल्यावर लेखी तक्रार केली. त्यांना ‘काका’ ऐकूच गेलं नव्हतं, कुत्र्याला सांगतात तसं ‘सिट’ गेलं होतं. ‘मे आय आस्क यू टु टेक युअर सीट, सर, वी आर स्टिल मूव्हिंग’, हे वाक्य मला नंतर एका सीनियरने पाठ करायला लावलं. कारणासकट सांगितलं की लोक ऐकतात, हे पण तिनेच शिकवलं.

म्हणून सुटे शब्द पाठ करत बसू नकोस, पूर्ण वाक्यं उचल. ‘वुड यू लाइक’, ‘मे आय टेक धिस फॉर यू’, ‘आय ॲम अफ्रेड वी हॅव रन आउट ऑफ चिकन’, ‘लेट मी चेक अँड कम बॅक टु यू’. अशी पंधरा-वीस वाक्यं तोंडात इतकी बसली पाहिजेत की मधे मराठी येणारच नाही. बाबांना रोज संध्याकाळी चहा देताना याच वाक्यांत दे, ते हसतील, हसू दे, त्यांना उलटे प्रश्न विचारायला सांग.

आणि ऐकणं! क्लासवाले याबद्दल बोलत पण नाहीत. मी कॉफीपॉट घेऊन उभी, विचारलं मोअर कॉफी सर, तो म्हणाला ‘आय ॲम गुड’. मला वाटलं चला छान, माणूस खूश आहे, आणि मी कप भरला. त्याला म्हणायचं होतं नको. दुसऱ्या एका ब्रिटिश आजोबांनी विचारलं ‘कुड आय ट्रबल यू फॉर सम वॉटर’ आणि मी गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरात, पळत जाऊन सीनियरला सांगितलं की बावीस-सी सीटला काहीतरी ट्रबल आहे. त्यांना साधं पाणी हवं होतं.

शब्दांचं पण तसंच. आपलं ‘व्हेज-नॉनव्हेज’ भारतात चालतं, बाहेरच्या माणसाला नॉनव्हेज म्हटलं की तो तुझ्याकडे बघत बसतो, त्याला चिकन आहे की लॅम्ब ते सांग, आणि व्हेजमध्ये काय आहे ते पण सांग. ब्रिंजल आपल्याकडे, इंग्लंडात ऑबर्जिन, अमेरिकेत एगप्लँट, भाजी वांग्याचीच. कर्ड म्हणू नकोस, योगर्ट म्हण. बाळाचं डायपर मागणारा अमेरिकन आणि नॅपी मागणारा इंग्रज, दोघांना एकच वस्तू हवी असते. टॉयलेटला तर इतकी नावं आहेत, लॅव्हेटरी, वॉशरूम, रेस्टरूम, लू, की कुणी घाईत काहीही विचारलं तर आधी मागे बोट दाखवायचं.

उच्चारात एक फुकटची मदत आपल्या लिपीतच आहे बघ. आपण ‘व्हेज’, ‘व्हिडिओ’ असं लिहितो आणि ‘वाइन’, ‘विंडो’ असं. हे दोन आवाज, व्ही आणि डब्ल्यू, इंग्लिशमध्ये खरंच वेगळे आहेत. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकतात, दुसऱ्याला दात लांब ठेवून ओठांचा चंबू. आरशासमोर दहा दिवस कर. आणि ‘स्नॅक्स’ म्हणताना तोंड नीट उघड, नाहीतर सर्व्हिसमध्ये साप येतात.

प्रश्न, नागपूरचा वाचक: केबिन क्रूला आयकाओ लेव्हल फोरचं इंग्लिश सर्टिफिकेट लागतं म्हणून एका एजंटने पैसे मागितलेत. खरं आहे का?

उत्तर: नाही. आयकाओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिची ती एक ते सहा लेव्हलची पट्टी पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलरसाठी आहे, मार्च 2008 पासून आंतरराष्ट्रीय फ्लाइंगसाठी त्यांना किमान चौथी लेव्हल लागते. क्रूचं इंग्लिश विमानकंपनी स्वतःच इंटरव्ह्यूत बघते, ग्रुप डिस्कशन घेते, एखादी अनाउन्समेंट वाचायला देते. सेफ्टीचं ट्रेनिंग पण निवड झाल्यावर कंपनीकडे, डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमांप्रमाणे होतं. एजंटचा नंबर ब्लॉक कर.

प्रश्न, कोल्हापूरची वाचक: अनाउन्समेंट वाचताना मी धडाधड वाचून मोकळी होते. मैत्रीण म्हणते ट्रेन सुटल्यासारखी वाचतेस. शिवाय आकडे आणि अक्षरं ऐकताना गोंधळ होतो.

उत्तर: मैत्रीण चांगली आहे तुझी, सोडू नकोस तिला. पीएवर, म्हणजे केबिनमधल्या माइकवर, आपला आवाज इंजिनच्या आवाजातून जातो, स्पीकर पण काही थिएटरमधले नसतात, त्यामुळे घरी वाचताना जरा जास्तच हळू वाटेल असा वेग ठेव. कागदावर पेन्सिलने तिरक्या रेघा मार, जिथे अर्थ पुरा होतो तिथेच श्वास. ‘लेडीज अँड जंटलमेन’ नंतर थांब, लोकांना कानातले इयरफोन काढायला वेळ दे. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. स्वतःचा आवाज ऐकायला सगळ्यांनाच कसंतरी होतं, आठवडाभरात सवय होते.

आकड्यांमध्ये थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी या जोड्या छळतात. फिफ्टीनमध्ये जोर शेवटी आणि ‘टीन’ लांब, फिफ्टीत जोर आधी आणि शेवट आखूड. तरी शंका राहिली तर सरळ ‘वन फाइव्ह’ म्हणायचं, त्यात कमीपणा नाही, कॉकपिटमध्ये पण आकडे असेच सुटे बोलतात.

अक्षरांचं म्हणशील तर बी, सी, डी, ई हे चारही गोंगाटात कानाला सारखेच लागतात, म्हणून तर अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा ही वर्णमाला आहे, 1956 पासून सगळ्या जगात तीच. ‘ट्वेल्व्ह चार्लीला इन्शुलिनसाठी फ्रिज हवाय’ असं म्हटलं की मदत ट्वेल्व्ह-डीला आणि माफी ट्वेल्व्ह-ईला जात नाही. झूलूपर्यंत सगळी पाठ कर, येता-जाता गाड्यांच्या नंबरप्लेट या वर्णमालेत वाच. एमएच झिरो नाइन म्हणजे माइक हॉटेल झिरो नाइन, तुझ्या कोल्हापूरचीच गाडी. आणि मोठ्या विमानात सीटच्या अक्षरांत एचनंतर आय नसतो, थेट जे येतो, कारण आय आणि एक सारखे दिसतात. पहिल्या दिवशी मी तो आय शोधत फिरले होते.

प्रश्न, नाशिकची वाचक: माझं सिलेक्शन झालंय! पुढच्या महिन्यात ट्रेनिंग. पण तिथे म्हणे ओरडायला लावतात. माझा आवाज लहान आहे आणि आत्तापर्यंत मला सगळ्यांनी गोड बोलायलाच शिकवलंय.

उत्तर: अभिनंदन! आता वर मी नांदेडच्या मुलीला जे वुड, कुड, प्लीज सांगितलं ना, ते दाराबाहेर काढून ठेव. क्रूला दोन इंग्लिश लागतात. एक ट्रॉलीमागचं, एक दारापाशीचं, म्हणजे संकटात विमान घाईने रिकामं करतानाचं. दारापाशी ‘वुड यू लाइक टु जम्प’ म्हटलंस तर माणूस विचार करत उभा राहील आणि त्याच्यामागे शंभर जण अडकतील. तिथे ‘ब्रेस! ब्रेस!’ (म्हणजे वाकून डोकं सांभाळा), ‘अनफास्टन सीट बेल्ट्स!’, ‘लीव्ह एव्हरीथिंग!’, ‘कम धिस वे!’, ‘जम्प!’. नेमके शब्द कंपनीप्रमाणे बदलतात पण सगळे दोन-तीन शब्दांचे, कारण घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात त्याहून जास्त शिरत नाही. प्रवासी विमानाला मान्यता देताना अट असते की निम्मीच दारं वापरून भरलेलं विमान 90 सेकंदात रिकामं करता आलं पाहिजे. त्या हिशोबात प्लीजला जागा नाही.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना कोस्ट गार्डच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आतली पीए सिस्टिम बंद पडली. आठातली तीनच दारं वापरण्यासारखी होती. क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा गळा एवढ्यावर 379 माणसं बाहेर काढली, म्हणजे त्या विमानातले सगळे, कोस्ट गार्डच्या विमानातले मात्र पाच जण गेले. लहान आवाजाची काळजी तू आत्तापासून करू नकोस, पोटातून ओरडायला तिथे शिकवतात, पहिल्या दिवशी सगळ्याच मुली हसतात आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांचा घसा बसलेला असतो.

माझ्या मते ओरडण्याहून अवघड इंग्लिश तिसरंच आहे, इंटरफोनवरून कॅप्टनशी बोलायचं. 8 जानेवारी 1989 ला हीथ्रोहून बेलफास्टला निघालेल्या ब्रिटिश मिडलँडच्या विमानाचं डावं इंजिन बिघडलं आणि पायलटनी चुकून उजवं बंद केलं. कॅप्टनने पीएवर उजव्या इंजिनाचं सांगितलं पण. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी आणि क्रूमधल्या तिघांनी आग डाव्या बाजूला पाहिली होती. ते कॉकपिटपर्यंत पोचलंच नाही. विमान केगवर्थ गावाजवळ मोटरवेच्या कडेला पडलं, 47 माणसं गेली. आणि हे लंडन-बेलफास्टचं विमान, म्हणजे इंग्लिश कमी पडलं असं म्हणायची सोयच नाही.

म्हणून ट्रेनिंगमध्ये इतर काही विसरलीस तरी हे वाक्य घोकून ठेव: ‘कॅप्टन, आय सी फ्लेम्स फ्रॉम द लेफ्ट इंजिन.’ जे दिसलं ते, कुठे दिसलं ते. ‘आय थिंक मेबी सर, सॉरी टु डिस्टर्ब’ नाही. आपल्याला मोठ्यांपुढे असं सरळ बोलायची सवय नसते, घरात काकांना पण आपण आडूनच सांगतो, त्यामुळे हे मुद्दाम शिकावं लागतं. आणि डावं-उजवं कायम विमानाच्या नाकाकडे तोंड करून. जम्पसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या सीटवर, तू बऱ्याचदा मागे तोंड करून बसलेली असशील, तेव्हा तुझा डावा हात म्हणजे विमानाची उजवी बाजू. मी सुरुवातीला मनगटावर पेनाने ठिपका काढायचे.

प्रश्न, साताऱ्याहून एक वडील: मुलीला या क्षेत्रात जायचंय, माझी ना नाही. पण घरी आता ती आमच्याशी पण इंग्लिशच बोलते. त्या नोकरीत मराठीचा काडीचा उपयोग नाही असं तिचं म्हणणं. तुमचा अनुभव?

उत्तर: दादा, इंग्लिश बोलू द्या तिला घरी, सराव होतोय, फुकटात होतोय. उपयोगाचं म्हणाल तर एकच सांगते. मुंबई-नेवार्कचं विमान, सोळा तासांच्या आसपासचा पल्ला, आणि त्यात आमच्याकडच्या कितीतरी आज्या असतात, लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या, एकट्या. तेव्हा आम्ही विमानातच अमेरिकन कस्टम्सचा फॉर्म वाटायचो. नऊवारीतल्या एका आजींनी तो फॉर्म उलटा धरला होता. माझ्या नेमप्लेटवरचं आडनाव वाचून हळूच म्हणाल्या, ‘आपलीच ना गं तू?’ मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसून एकेक ओळ मराठीत सांगितली. फळं, भाज्या, बी-बियाणं, खायचे पदार्थ आणताय का. आजींनी विचार केला आणि म्हणाल्या, डिंकाचे लाडू आहेत, भाजणी आहे, गोडा मसाला आहे, अळीव आहेत, अळीव बियाणं की खायचं?

मी म्हटलं आजी, ‘यस’वर खूण करा, लपवू नका, ऑफिसरने विचारलं तर पिशवी उघडून दाखवा आणि एवढंच म्हणा, ‘फूड, फॉर माय डॉटर, शी हॅज अ बेबी.’ त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. रात्री केबिनचे दिवे मंद केल्यावर मी पाण्याचा ट्रे घेऊन फिरत होते, सगळे झोपलेले, आणि सव्वीस-एचला आजी डोळे मिटून जपमाळ ओढावी तसं पुटपुटत होत्या, ‘शी हॅज अ बेबी, शी हॅज अ बेबी.’ व्ही-डब्ल्यूचा प्रश्नच नव्हता त्यात. उतरताना माझ्या हातात एक लाडू ठेवला, ड्यूटीवर काही घ्यायचं नाही हा नियम होता, तो मी त्या दिवशी मोडला.