सही करायच्या आधी ये

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तू भागीदारी, शेडभाडं आणि पुण्याच्या ऑर्डरचे असे तिन्ही कागद टेबलावर पसरलेस आणि म्हणालास, "काका, एवढ्याशा मशीनशॉपला वकील कशाला? सीए आहे की." त्यावर मी जरा तिरसटपणे बोललो. तेच आता नीट लिहितो. धंदा कर की नको, हे मी सांगणार नाही. व्हीएमसीतलं, म्हणजे त्या संगणकावर चालणाऱ्या मशीनिंगच्या यंत्रातलं, तुला माझ्याहून जास्त कळतं. मला फक्त एवढंच म्हणायचंय, की वकील सही करायच्या आधी लागतो. सही झाल्यावर लागतो तो वेगळा वकील. त्याची फी मोठी, आणि त्याच्या हातात उरलेलं थोडं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे मला पण मान्य आहे. पण आपल्याकडे 'वकील लावला' म्हणजे भांडण झालं, असाच अर्थ घेतात, तिथं सगळं चुकतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, अपिलाला मुंबई गाठायला नको, हे उत्तमच झालं. पण तू त्या इमारतीत येऊ नयेस म्हणूनच मी हे लिहितोय.

आधी भागीदारीचा कागद. बाँडरायटरनं किराणा दुकानाचा जुना मसुदा काढून तुझं आणि मामेभावाचं नाव घातलंय. 'नफा-तोटा निम्मा-निम्मा' आणि खाली सह्यांची जागा, झालं. मशीन तुझ्या कर्जावर आलंय, मग ते फर्मचं की तुझं? हप्ता नफ्यातून जाणार की तुझ्या वाट्यातून? चेकवर एकाची सही चालेल का? एकाला बाहेर पडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं, आणि मशीनची किंमत कुणी ठरवायची? यातलं एकही वाक्य तिथं नाही. फर्मचं देणं दोघांवर पूर्ण येतं, निम्मं-निम्मं नाही. भाऊ पळाला तर बँक तुझ्याच दारात. आणि दोघांचीच फर्म असेल तर एकजण गेल्यावर फर्म उरतच नाही, कागदात काहीही लिहा. मग हिशेब कसा व्हायचा, हे आजच लिहून ठेवावं लागतं. भावाला वाईट वाटेल म्हणतोस? आत्ता विचारलंस तर थोडं वाटेल.

डीड झालं की रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी कर. सक्ती नाही म्हणून लोक सोडून देतात. पण १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ असं, की नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. त्यानं मात्र तुझ्यावर खुशाल लावावा.

शेड शिरोली एमआयडीसीत आहे. तिथला प्लॉट महामंडळाकडून लीजवर असतो, म्हणून पोटभाड्यानं देताना मालकाला महामंडळाची परवानगी लागते. ती मिळाली का, हे तू विचारलेलंच नाहीस. परवानगी नसताना मशीनचं फाउंडेशन घातलंस तर उचलून न्यायचा खर्च तुझा. ११ महिन्यांचा करार म्हणजे नोटरी पुरे, हा तर आपल्याकडचा लाडका गैरसमज. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, महिने कितीही असोत.

आता खरा कागद, पुण्याच्या कंपनीची पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर. तू पहिलं पान वाचलंस: रेट, क्वांटिटी, डिलिव्हरी. मागच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचल्या नाहीस. कास्टिंग (ओतीव कच्चा नग) ते देणार, तू मशीनिंग करणार, आणि रिजेक्ट झालेल्या प्रत्येक नगाची पूर्ण किंमत तुझ्या बिलातून कापणार. अरे, कट घेतल्यावर आत ब्लोहोल (हवेची पोकळी) निघाला तर तो फाउंड्रीचा दोष. सीआर (कास्टिंगच्या दोषानं रिजेक्ट) आणि एमआर (मशीनिंगच्या दोषानं रिजेक्ट) वेगळे लिहून घे. सीआर असेल तर तोपर्यंत झालेल्या मशीनिंगचे पैसे मिळाले पाहिजेत. एमआर असेल तरच डेबिट, तेही नग परत दाखवून. मशीनवर नग पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा खर्च तुझा असेल तर ते फिक्स्चर कुणाचं, हेही तिथंच लिहायचं.

त्यातच 'पेमेंट ९० दिवसांनी' आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं करार काहीही असो, ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीनं. मालाबद्दल तक्रार असेल तर खरेदीदारानं डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी कळवायची, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात. म्हणजे चार महिन्यांनी आलेली डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) मुकाट्यानं मान्य करायची नसते. पीओत लवाद गुरुग्रामला आहे, पण या कायद्याखाली पुरवठादार जिथं असेल तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाता येतं. हे सगळं मिळवायचं तर उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, ऑर्डर घ्यायच्या आधी हवी. पुन्हा तेच, आधी! एखादा परचेसवाला म्हणेल, "उद्यम नको." कारण मायक्रो आणि स्मॉल उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्याला आयकरात प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. ऐकू नकोस.

चेक बाऊन्सचं थोडक्यात. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. "देतो म्हणतोय" या आशेवर लोक ते ३० दिवस घालवतात आणि एकतिसाव्या दिवशी फाइल घेऊन येतात. उधारीचंही तसंच: तीन वर्षांत दावा, आणि फोनवरच्या कबुलीनं मुदत वाढत नाही. दर मार्चअखेर बाकीच्या कागदावर सही-शिक्का घेत जा.

तू म्हणशील, वकीलच सांगणार वकील करा म्हणून. म्हण. सही झालेला कागद समोर आला की 'बघू' म्हणायची सवय मलाही होती, आणि त्या 'बघू'नं कुणाचंच भलं झालं नाही. त्या मानानं माझा तिरसटपणा परवडला. माझ्याकडेच ये असंही नाही. पण ज्याच्याकडे जाशील त्याला वाचून देण्याची फी, मसुद्याची फी आणि नोटीसची फी वेगवेगळी विचार. वसुलीवर टक्केवारी मागणारा टाळ, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको, आणि मूळ कागद दिलेस तर पोच घे. सीएला सोडू नकोस. जीएसटी आणि जॉबवर्कची चलनं तोच बघेल. पण करारातल्या शब्दांची जबाबदारी त्याच्यावर टाकू नकोस.

सोमवारी संध्याकाळी ये. पीओची सगळी पानं, मागच्या बाजूसकट. शेडमालकाचं अलॉटमेंट पत्र आणि लीज. बँकेचं कर्जमंजुरी पत्र. मामेभावालाही घेऊन ये, तो नसेल तर भागीदारीचा कागद मी उघडणार नाही. आणि पुण्याहून फोन आला तर सांग, सही मंगळवारी करतो.

तुझा,
काका