टायटॅनियमच्या अंगठीवर घरच्या घरी निळा रंग आणता येतो का?

आपला प्रश्न असा आहे की, करड्या टायटॅनियमच्या अंगठीवर घरातलेच साहित्य वापरून निळा रंग आणता येईल का आणि त्यासाठी कोणते रंगद्रव्य आणावे. निळा रंग नक्की आणता येतो, आणि रंगद्रव्य मात्र कोणतेच लागत नाही. टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर असतो. विजेच्या साहाय्याने तो जाड केला की थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात तसे रंग उमटतात. थराची जाडी ठरते ती व्होल्टेजवर, दर व्होल्टला साधारण दोन नॅनोमीटर या हिशेबाने. म्हणून कोणता रंग हवा हा प्रश्न खरे तर किती व्होल्ट द्यायचे हाच प्रश्न आहे.

त्यासाठी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या सोयीच्या पडतात, कारण एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकात थेट बसते. एका बॅटरीने तांबूस-सोनेरी छटा येते, दोन बॅटऱ्यांनी (१८ व्होल्ट) जांभळा, तिनांनी (२७ व्होल्ट) गडद निळा आणि चारांनी फिकट आकाशी. सहा बॅटऱ्या जोडल्यास पिवळसर सोनेरी रंग येतो. धातूच्या प्रतीनुसार आणि बॅटरीच्या ताजेपणानुसार छटा थोडी इकडेतिकडे होते. खरा लाल आणि काळा हे रंग या पद्धतीने येत नाहीत.

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी घेऊन त्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवावा. मीठ कदापि घालू नये, कारण मिठाच्या पाण्यातून वीज गेल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. भांड्याच्या एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी सोडून ती ऋण टोकाला जोडावी आणि अंगठी धन टोकाला. अंगठी ज्या तारेला टांगायची ती तारसुद्धा टायटॅनियमचीच हवी. तांब्याची तार पाण्यात बुडाली तर वीज तिच्यातूनच वाहते, तार झिजते आणि अंगठीवर रंग चढत नाही. अंगठीत दुसरा धातू जडवलेला असेल तर हीच अडचण येते.

अंगठी पाण्यात सोडताच फॉइलवर बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि अंगठी डोळ्यांदेखत आधी तांबूस, मग जांभळी आणि शेवटी निळी होते. हे सारे काही सेकंदांत आटोपते. थर जसा वाढतो तसा तो स्वतःच विजेला अडवतो आणि प्रवाह आपोआप घटतो, त्यामुळे अंगठी जास्त वेळ पाण्यात राहिली म्हणून रंग पुढे सरकत नाही. व्होल्टेज वाढवून पुढच्या रंगाकडे जाता येते, पण कमी करून मागे येता येत नाही; तेव्हा खालच्या व्होल्टेजपासून सुरुवात करणे केव्हाही चांगले. अंगठी व फॉइल एकमेकांना टेकू देऊ नये, आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण फॉइलवरचे ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

माझ्या मते या कामाचे निम्मे यश स्वच्छतेत आहे. अंगठी बारीक पॉलिश कागदाने घासून, भांड्याच्या साबणाने धुऊन, अ‍ॅसिटोनने पुसावी आणि त्यानंतर तिला उघड्या बोटाने स्पर्श करू नये. बोटाच्या तेलकट ठशाखाली थर नीट बनत नाही आणि तेथे डाग राहतो. कारखान्यांत धातू उजळण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते किंवा फ्लोराइड असलेले गंज काढण्याचे द्रावण घरी आणू नये, असे मी आग्रहाने सांगेन. हे आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोहोचते.

विजेबाबतही तितकाच आग्रह आहे. घरातल्या प्लगची वीज या कामात कोणत्याही युक्तीने वापरू नये. बॅटऱ्याही सहाच्या पुढे जोडू नयेत, कारण ६० व्होल्टच्या पुढे ओल्या हाताला बसणारा धक्का जिवावर बेतू शकतो. सहाच्या आतही रबरी हातमोजे घालूनच काम करावे आणि पाण्यात हात घालण्याआधी जोडणी सोडावी.

अंगठी धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावरच छटा पारखावी, कारण ओली किंवा तेलकट असताना ती वेगळी दिसते. रोजच्या वापरात बाहेरची कड घासून रंग उडेल, तेव्हा तोच कागद, तोच सोडा आणि त्याच तीन बॅटऱ्या पुन्हा काढाव्यात.