पांढऱ्या मांजरीच्या कानावरच्या खपल्या

ताई, सगळ्यात आधी ती गोचिडाच्या औषधाची बाटली गोठ्यात परत ठेवा. तुम्ही चोपड्याहून लिहिलंय की सात वर्षांच्या पांढऱ्या मांजरीच्या कानांच्या कडांवर खपल्या धरल्यात, लेकीच्या दंडावर गोल चट्टा उठलाय, आणि शेजारचे काका म्हणतात, बैलांचंच औषध पातळ करून चोळा. नका चोळू. गोचिडाच्या औषधात असणारं, बैलाला, कुत्र्याला चालणारं सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. वर मांजर अंग चाटतं, म्हणजे लावलेलं पोटात जातं. आमच्याकडे अमळनेरला भावाने चांगल्या मनानेच आमच्या मांजरीला लावलं होतं. काही तासांत तोंडाला फेस, अंगाला थरथर, मग झटके. दवाखाना गाठेपर्यंत ती गेली. चुकून लागलंच असेल तर भांड्यांच्या लिक्विड साबणाने कोमट पाण्यात धुवा, चाटू देऊ नका आणि तडक डॉक्टरांकडे न्या. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. फिनाईल, रॉकेल, डेटॉलही नको.

आता कान. ती खाजवत नाही, आणि खपल्या गेल्या उन्हाळ्यापासून येतात-जातात, असं तुम्ही म्हणता. मला पहिली शंका उन्हाची येते. पांढऱ्या कानाच्या कातडीत उन्हाला अडवणारा रंग नसतो, वर केसही विरळ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि मांजर सकाळपासून घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, पसरलेली. आधी कडा लालसर होतात, मग खपली, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर न भरणारी जखम. तिचा कर्करोग होऊ शकतो. वेळेत कळलं तर कानाचा तेवढा भाग काढून मांजर वाचते. म्हणून सकाळी दहा ते चार तिला घरात ठेवा. माणसांचं सनस्क्रीन स्वतःच्या मनाने लावू नका, त्यातले काही घटक चाटल्यावर घातक असतात.

खरूज असती तर कानाच्या कडांपासून सुरू होऊन तोंडावर, मानेवर राखाडी जाड पापुद्रे आले असते आणि तिने खाजवून रक्त काढलं असतं. त्यावर मानेवर टाकायचे सेलामेक्टिन या खरजेच्या किड्यांवरच्या औषधाचे थेंब चांगला गुण देतात.

लेकीचा चट्टा मात्र वेगळा विचार करायला लावतो. कडा उठलेली आणि मध्ये फिकट असेल तर ते गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग, असू शकतं, आणि ते मांजरीकडूनही येतं. मोठ्या मांजराच्या अंगावर बरेचदा काहीच दिसत नाही, तरी केसांत बुरशी असू शकते. लेकीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, घरात मांजर आहे हे आवर्जून सांगा. मेडिकलमधून मागून आणलेल्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग चट्टा पसरतो. मांजरीची गोधडी गरम पाण्याने धुवा, गळलेले केस रोज उचला, कारण त्या केसांतली बुरशी महिनोन्‌महिने जिवंत राहते. मांजरीला बुरशीचं औषध सुरू झालं तर केस परत आले म्हणून मध्येच थांबवू नका, उपचार कित्येक आठवडे चालतो.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बहुतेक गायी-म्हशीच येतात, तरी संकोच करू नका. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि बुरशीसाठी केसही तपासा, असं स्पष्ट सांगा. तिथे ती सोय नसेल तर जळगावला न्या. कानाची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल किंवा रक्त येत असेल, तर उद्याच निघा.