जंतनाशक की जंतुनाशक?

प्रश्न परभणीकडच्या एका शिक्षकांचा आहे. शाळेच्या फळ्यावर 'उद्या जंतुनाशक गोळ्या मिळतील' असं लिहिलं होतं, एका बाईंनी 'तु'चा उकार पुसला. 'जंत म्हणजे जंतूचंच अनेकवचन, मग एवढा काथ्याकूट कशाला?' असं ते विचारतात.

गुरुजी, बाईंचं बरोबर आहे. जंत हे अनेकवचन नव्हे. एक जंत, चार जंत, तसाच एक जंतू, हजार जंतू. मूळ मात्र एकच, संस्कृत 'जन्तु', म्हणजे जन्माला आलेला. गीतेतल्या 'तेन मुह्यन्ति जन्तवः' (५.१५) मधले जंतू म्हणजे तुम्ही-आम्ही! मराठीत बोलीत झिजलेला जंत पोटातच राहिला आणि जंतू डॉक्टरांबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली गेला. जंतुनाशक म्हणजे फरशी पुसायचं फिनेल, ते लेकरांना कसं देणार? पोरांच्या पोटातले जंत मारायच्या १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सरकारी मोहिमेतली गोळी अल्बेंडाझोल या औषधाची. ती जंताला साखर शोषू देत नाही, तो उपाशी मरतो. म्हणून जंतनाशक.

खरी गंमत क्रियापदांत आहे. आमच्या लातूरकडं 'लेकराला जंत झालेत' म्हणजे दुखणं, आणि 'जंत पडले' म्हणजे सुटका, परसाकडला गेल्यावर बाहेर आले. पण 'जखमेत किडे पडले' म्हणा, की तेच पडणं एकदम उलटं, आत शिरलेलं. परक्या माणसाला हे समजावून सांगायचं म्हणजे अवघडच.

'माती खाल्ली की जंत होतात' हे आजीचं वाक्य गोलकृमी (कृमी म्हणजे जंतच) या जातीपुरतं खरं, त्याची अंडी मातीतूनच तोंडात जातात. अंकुशकृमीला तोंडाची गरज नसते. ओल्या वावरात अनवाणी फिरा, त्याची अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते. पुढचं टोक आकड्यासारखं वाकडं म्हणून अंकुश. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागते. (सुटा लिहिताना कृमी दीर्घ, समासात कृमिनाशक ऱ्हस्व. जंतू-जंतुनाशकाचंही तेच.)

फळ्यापुरतं विचाराल तर दोन्ही शब्द पुसा. पोरं घरी जाऊन 'जंताची गोळी दिली' असंच सांगतात, खोकल्याचं औषध म्हणतो तसं. तेच लिहा, उकाराचा प्रश्नच येत नाही.